चौदा काठ्या आणि एक बाप

मंगळवार, ४

कोचने भिंगरीला सांगितलं होतं, निवड स्पर्धा संपेपर्यंत रोजची नोंद लिहीत जा. भिंगरीने वही माझ्यापुढे टाकली. "मला खेळायचंय. लिहायला तू आहेस की."

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. वय एकोणीस. खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. मी तिचा बाप. माझं चष्म्यांचं दुकान आहे, आणि गेली तीन वर्षं मी तिची गोल्फची पिशवी उचलतो. या कामाला खेळात कॅडी असं भारदस्त नाव आहे. घरात हमाल म्हणतात.

मला स्वतःला गोल्फ येत नाही. एकदा प्रयत्न केला होता. चेंडू होता तिथेच राहिला आणि गवताचं ढेकूळ बरंच लांब गेलं. त्या दिवसापासून मी तज्ज्ञ झालो. ज्याला पोहता येत नाही तोच काठावरून सगळ्यात जोरात ओरडतो, त्यातला प्रकार.

एकवीस तारखेपासून तीन दिवस स्पर्धा. पहिल्या चौघींना समुद्राकाठच्या प्रशिक्षण केंद्रात दोन वर्षांसाठी जागा. राहणं, खेळणं, शिकणं, सगळं तिकडेच. भिंगरीला सध्या दुसरं काही दिसत नाही. मला आनंदच आहे. मला आनंदच आहे, हे दोनदा लिहिलं गेलं. एक खोडायला हवं.

गुरुवार, ६

आमच्या हिने पिशवीत डोकावून विचारलं, "चार वेज आहेत ना हिच्याकडे? मग पाचवीच्या चित्रांकडे काय बघत बसलाय मघापासून?"

ही इस्पितळात एक्स-रे काढते. मी लोकांना बाहेरचं स्पष्ट दाखवतो आणि ती लोकांच्या आतलं बघते. त्यामुळे आमच्या घरात वादाचा निकाल वाद सुरू होण्याआधीच लागलेला असतो.

तरी मी समजावलं. वेज म्हणजे जवळच्या फटक्याची काठी. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची तुळतुळीत हिरवळ, जवळ आली की चेंडू वर उचलायचा आणि अलगद झेंड्यापाशी टाकायचा. पातं जितकं आडवं, तितका चेंडू उंच. पण खरी मेख पात्याच्या बुडाशी असते. बुडाला फुगवटा असतो, त्याला म्हणतात बाउन्स. जमीन मऊ असेल तर फुगवटा जास्त हवा, म्हणजे पातं रुतत नाही, घसरत पुढे जातं. जमीन टणक असेल तर फुगवटा कमी हवा, नाहीतर पातं आपटून उडतं आणि चेंडूच्या बरोबर कमरेत बसतं.

"म्हणजे एक होडी आणि एक सुरी," ही भाजी चिरता चिरता म्हणाली.

"हो, तसंच काहीसं."

"मग पोरीला विचारा ना, तिला पाण्यात जायचंय की फळीवर."

तीन वर्षं मासिकं वाचून, माणसांना गाठून गाठून मी जे ज्ञान मिळवलं, ते हिने अर्ध्या दुधीत संपवलं. मी म्हणालो, "इतकं सोपं नसतं ते." ती म्हणाली, "तुम्ही सोपं राहू दिलं तर ना."

रविवार, ९

वेज घेतली. पाचवी. फुगवटा भरपूर.

दुकानात एक जास्त फुगवट्याची, एक मध्यम आणि एक कमी, अशा तिघी माझ्यापुढे ठेवून विक्रेता विचारत होता, "ही बरी वाटते की ही? बरं, आता ही की मघाची?" मी आयुष्यभर हेच करत आलोय. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, ही की ती? तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर गिऱ्हाईक लाजेकाजेस्तव काहीतरी एक सांगून मोकळं होतं. ते खोटं सांगतंय हे मला कळतं. आज त्या खुर्चीत मी होतो. मी मात्र लाजलो नाही. दुपारभर काठ्या फिरवल्या. शेवटी विक्रेता म्हणाला, "साहेब, दुकान बंद करायची वेळ झाली." बाहेर लख्ख ऊन होतं.

मध्येच त्याने एक प्रश्न विचारला होता, "खेळायचं कुठल्या मैदानावर?"

"आपल्याच की," मी म्हणालो. आपल्या मैदानावर गवत दाट, जमीन लोण्यासारखी. दुसऱ्या कुठल्या मैदानाचा विचार करण्याचं कारणच नव्हतं.

बुधवार, १२

कोचने नवी वेज हातात घेतली, उलटी केली, बूड पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. हा कोच मला काका म्हणतो. त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.

"काका, ही कुणासाठी?"

"भिंगरीसाठी. पाऊस आला, जमीन भिजली, तर?"

"पाऊस आला तर छत्री घ्या. तिच्याकडे कमी फुगवट्याची आहे ती पुरते. मऊ जमिनीवर पातं जरा उघडून, म्हणजे मागे झुकवून, कसं खेळायचं ते मी शिकवलंय तिला. आणि पुढे केंद्रावर जायचं म्हटलं तर तिथे वारा, खुरटं गवत, दगडासारखी जमीन. तिथे हे घेऊन जाणं म्हणजे कुदळीने दाढी करणं."

"केंद्राचं केंद्रावर बघू."

"पिशवीत आधीच चौदा आहेत. नियमाने चौदाच्या वर चालत नाही, माहितीये ना?"

मला माहितीये! नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलंय. भिंगरीने एकदाही नाही. (तिला ते पाठ आहे. कसं, कळत नाही.)

नवी वेज घरी दाराच्या मागे उभी केली. येता-जाता दिसते. चांगली दिसते.

शनिवार, १५

सकाळी दात घासताना तोंडाला गवताची चव लागली. काल पात्यांच्या खाचा घासायला घेतलेला ब्रश जुना नव्हता, तर.

केंद्राकडून माहितीपत्रक आलंय. मी बारकाईने वाचलं. खोल्यांचे फोटो फार जवळून काढलेत; असं लहान खोलीतच करतात. गाद्या पातळ. खिडक्या समुद्राकडे, म्हणजे काठ्यांना गंज. जेवणघर दुसऱ्या इमारतीत. पावसात भिजत जायचं?

"तिकडच्या मैदानावरच्या खड्ड्यांतली, बंकरातली वाळू फार जाडी आहे म्हणतात," मी जेवताना म्हणालो.

"कोण म्हणतं?" भिंगरी.

"म्हणतात."

"बाबा, कोण?"

"आता प्रत्येकाचं नाव सांगू का?"

ही म्हणाली, "तिथे तुम्ही राहायला जाणार आहात का? नाही, गाद्यांपासून सुरुवात केलीत म्हणून विचारलं."

मायलेकी हसल्या. मीही हसलो. बापाने हसायचं असतं. मात्र पातळ गादीचा पाठीवर काय परिणाम होतो हे हिनेच मला तिचे एक्स-रे दाखवून सांगितलं होतं. आता सोयीस्कर विसरली.

शुक्रवार, २१

पहिली फेरी. भिंगरी तिसरी! हवा कोरडी, जमीन छान, मी उत्तम.

सातव्या होलवर मी म्हणालो, "चोपन्नची घे." पात्याच्या कोनावरून वेजना आम्ही अंशांनी हाक मारतो. तिने पन्नासची घेतली आणि चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर टाकला. अकराव्याला मी म्हणालो, "पन्नास." तिने अठ्ठावन्नची घेतली. तोही हातभर. माझ्या सल्ल्याला मोल आहे यात शंका नाही. काय करायचं नाही हे तिला त्यावरून लगेच समजतं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "काय दाजी, हमाली कशी चाललीये?" मी सांगितलं, जबाबदारीचं काम आहे. तो म्हणाला, "हो ना, पिशवीला दोन पट्टे असतात. कुठला कुठल्या खांद्यावर, हे लक्षात ठेवायचं!"

शनिवार, २२

दुसरी फेरी. भिंगरी दुसऱ्या क्रमांकावर. उद्या जरा सांभाळून खेळली तरी पहिल्या चौघींत नक्की. कोचने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी म्हणालो, "अजून एक दिवस आहे, घाई नको." तो म्हणाला, "काका, अभिनंदन तिचं करतोय, ती आंघोळीला गेलीये म्हणून तुमच्याकडे देतोय."

दुपारनंतर पाऊस. चांगला धो धो.

आता अडचण अशी, की भिजलेलं गवत मऊ होतं, तिथे जास्त फुगवटा हवा. पण बंकरातली वाळू भिजली की बसते, फरशीसारखी घट्ट होते. तिथे कमी फुगवटा हवा. एकच पाऊस आणि हुकूम दोन. गवताचं ऐकलं तर वाळू रागावते, वाळूचं ऐकलं तर गवत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आई आणि बायकोच्या मध्ये उभा राहून मी याचा सराव केला होता. तेव्हाही ठरवता आलं नव्हतं.

भिंगरीने जेवणानंतर काठ्या मोजल्या. चौदा. "आता पिशवीला हात लावायचा नाही," असं म्हणाली आणि झोपायला गेली. मी कशाला हात लावू?

रविवार, २३

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण कोचच्या सूचनेप्रमाणे रोजची नोंद हवी, म्हणून नोंद.

सकाळी निघताना दाराच्या मागची वेज मी पिशवीत टाकली. हेतू एवढाच, की मैदानावर जाऊन गवत बघायचं आणि कमी फुगवट्याची ती जुनी काढून गाडीत ठेवायची. गवत स्पंजसारखं होतं. जुनी काढायला हात घातला, तेवढ्यात सरावाच्या बंकराकडे लक्ष गेलं. पाय ठेवून पाहिला. सिमेंट. मग नवी काढायला हात घातला. मग पुन्हा गवत पाहिलं. म्हटलं, दोन्ही राहू देत, ठरवू पहिल्या टीवर, जिथून पहिला फटका मारतात तिथे.

पहिल्या टीवर झिमझिम होती. एका हातात छत्री, खांद्यावर पिशवी, काठ्यांवर टॉवेल. भिंगरीचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे झाली, फटका मारला, चेंडू सरळ गेला, मी "वा!" म्हणालो आणि चालू लागलो.

पहिला होल छान गेला. दुसराही. तिसऱ्याच्या टीवर पाऊस थांबला म्हणून तिने टॉवेल ओढला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ती नुसती बघत राहिली. मग काठ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवत मोजलं. मग पुन्हा मोजलं, सावकाश, एखाद्याचा ताप दुसऱ्यांदा मोजावा तसं. मग नवी वेज बाहेर काढून पिशवीत उलटी खोचली. ही आता खेळातून बाद, असा त्याचा अर्थ. आणि हात वर करून पंचांना बोलावलं.

पंच म्हणजे पांढऱ्या टोपीतल्या एक वयस्कर बाई. भिंगरी म्हणाली, "माझ्या पिशवीत पंधरा आहेत."

"किती होल झाले?"

"दोन."

"म्हणजे होलला दोन, एकूण चार फटके दंड," बाई म्हणाल्या. नियमाची तेवढीच कमाल आहे. आम्ही ती गाठली. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "पण ही ठेवली कुणी?"

मी तोंड उघडलं.

"पिशवी माझी आहे," भिंगरी म्हणाली.

बाई गेल्या. मी म्हणालो, "भिंगरे, अगं मी फक्त..."

"बाबा, आता नुसतं चाल."

मी नुसता चाललो. इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प राहिलेलो नाही. झोपेतसुद्धा बोलतो म्हणे. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि ती अशी खेळली की बघणारे एका होलवरून दुसऱ्या होलवर तिच्यामागे यायला लागले. स्पंजासारख्या गवतावरून तिने जुन्याच वेजने, पातं उघडून, चेंडू असे काढले की जणू जमीन कोरडी होती. सिमेंटच्या वाळूतूनही त्याच वेजने. म्हणजे पाचवीची गरज नव्हती. एवढं कळायला चार फटके लागले, आणि ते माझे नव्हते.

शेवटी बरोबरी. चौथ्या जागेसाठी भिंगरी आणि एक लांब वेणीची मुलगी. विजा चमकू लागल्या म्हणून निर्णायक होल उद्या सकाळवर गेला.

घरी आलो. हिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "विसरलात?"

"मग काय मुद्दाम ठेवली?"

"मी मुद्दाम म्हटलं नाही. विसरलात का, असं विचारलं."

"विसरलो!"

"दुकानात एवढ्या काचा हाताळता. कुणाची काच कुणाच्या फ्रेममध्ये गेल्याचं मला तरी आठवत नाही."

मी बूट पुसायला गॅलरीत गेलो. बूट फार खराब झाले होते. भिंगरी मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयारी ठेवली होती.

"बाबा, तीन वर्षांत तू जेवढ्या वेज आणल्यास ना, त्या सगळ्या आपल्या मैदानाच्या आहेत. मऊ जमिनीच्या. ती जुनी कोचने आणली म्हणून आहे. तू तिकडच्या जमिनीची एकसुद्धा आणली नाहीस."

"मऊ जमिनीवरच जास्त चुका होतात म्हणून," मी म्हणालो.

ती पुढे आली. मग माझ्या हातातला बूट घेतला, दुसरा फडका घेतला आणि माझ्या शेजारी बसून पुसायला लागली. बूट माझाच होता.

तांत्रिकदृष्ट्या तिचं म्हणणं बरोबर आहे. त्यात याहून जास्त काही नसावं.

सोमवार, २४

सकाळी मी पिशवीपासून चार पावलं लांब उभा होतो. भिंगरीने एक लांब पल्ल्याची काठी बाहेर काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग काल रात्री पुन्हा दाराच्या मागे गेलेली नवी वेज पिशवीत टाकली.

"हे काय?"

"आज एकच होल आहे, तोही छोटा. ती लांबची लागणार नाही. दोन्ही वेज राहू देत. मोज."

मोजल्या. चौदा. इतके दिवस मी काय घालायचं यावर डोकं झिजवलं. काय काढायचं हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलाच नाही. काहीतरी काढल्याशिवाय काही घालता येत नाही, हे गणित पोरीला येतं आणि मला येत नाही, आणि शाळेची फी मी भरली होती.

"मी येऊ?" मी विचारलं.

"पिशवी काय आई उचलणार?"

"मी उचलेन हो," ही आतून म्हणाली, "मला फक्त मधे बोलता येणार नाही. दोघींचं बरं होईल."

होल छोटा, पण दोघींचे पहिले फटके सारखेच गेले. दुसऱ्या फटक्याला लांब वेणी ग्रीनवर पोचली, झेंड्यापासून बरीच लांब, पण ग्रीनवर. भिंगरीचा चेंडू ग्रीनच्या मागे उतरला, लोक जिथून येतात-जातात त्या पट्ट्यावर.

ती चेंडूपाशी गेली. वाकून पाहिलं. मग मागे न बघता म्हणाली, "बाबा, कुठली?"

कालपासूनचा पहिला प्रश्न.

मी चेंडूभोवती चाललो. वरून गवत ओलं, हिरवंगार, बघणाऱ्याला वाटावं पाय टेकला की रुतेल. पण बुटाखाली जमीन कळते. तीन दिवस माणसांनी तुडवून तुडवून ती घट्ट झाली होती, वर नुसतं पाणी. नव्या वेजने खेळली असती तर फुगवटा आपटला असता आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे गेला असता. मऊ आहे असं मी म्हटलं असतं तरी कुणाला संशय आला नसता. दिसतच होतं मऊ. त्या क्षणी हे वाक्य डोक्यात कुठून आलं, मला माहीत नाही. आलं एवढं खरं. आणि जरा वेळ थांबलंही.

"टणक आहे," मी म्हणालो. माझा आवाज शेजारच्या कुणाचा तरी वाटला. "जुनी घे."

तिने जुनी काढली. विचारत असतानाच तिचा हात त्या मुठीवर होता, असं मला वाटलं. योगायोग असेल. शेवटी सल्ला माझा लागला.

पातं गवताखालून खसकन गेलं, चेंडू थोडा उडाला, पडला, घरंगळत निघाला आणि झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. लांब वेणीचा पहिला टोला भोकाला वळसा घालून पुढे गेला. दुसरा कडेवरून परतला. तिची आई माझ्या शेजारीच उभी होती. टाळ्या वाजवायला उचललेले हात मी खिशात घातले. भिंगरीने चेंडू भोकात टाकला, आधी त्या मुलीला मिठी मारली, मग कोचला, मग पंचबाईंना. मग माझ्याकडे आली. तोवर मी पिशवीचे सगळे बंद बांधून, सोडून, पुन्हा बांधले होते.

चौथी जागा. केंद्रात पहिल्या तारखेपासून हजर व्हायचंय.

परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली. अर्धा रस्ता मी एकही सल्ला न देता गाडी चालवली. माणूस सुधारतो, पण एका दिवसात किती?

"तिथे पिशवी कोण उचलणार?" मी विचारलं.

"तिथे ट्रॉली असते, बाबा. आपली आपण ढकलायची."

"ट्रॉलीला काय कळतं? जमीन मऊ की टणक, वाळू बसलीये की नाही..."

"काही नाही कळत," ती म्हणाली. "गप्प येते नुसती बरोबर."

एवढं म्हणून तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. भिंगरी, एका जागी, गाढ. ज्या हाताने गियर बदलायचा त्याच हाताचा खांदा होता. मी दुसऱ्याच गियरमध्ये घरापर्यंत आलो. गाडी कण्हत होती आणि मागे रांग लागली होती. रांगेतल्या लोकांनी भोंगे वाजवून माझ्याबद्दल जे काही म्हटलं, ते सगळं खरं होतं.